ऊर्जासुरक्षेची व्याख्या आणि उंबरठ्याचा निकष : आयातावलंबी देशांच्या संदर्भात एक चिकित्सा

बीजसंज्ञा : ऊर्जासुरक्षा, आयातावलंबन, सामरिक साठा, जीवनाधार ऊर्जा, क्रयशक्ती, स्वयंपाकाचा गॅस.

१. प्रस्तावना

जो देश आपले इंधन बाहेरून आणतो, त्याच्या सुरक्षिततेची चर्चा सामान्यतः तीन प्रश्नांभोवती फिरते. साठा किती दिवस पुरेल? इंधन किती देशांकडून येते? एकूण गरजेपैकी किती टक्के आयात करावी लागते? शासकीय अहवाल, वृत्तपत्रांचे अग्रलेख आणि अर्थशास्त्राची क्रमिक पुस्तके यांत हेच तीन आकडे पुन्हा पुन्हा येतात. हे आकडे निरर्थक नाहीत. परंतु ते सारे बंदरापर्यंतच्या प्रवासाचे मोजमाप करतात. बंदरात उतरलेले इंधन घराच्या उंबरठ्याच्या आत पोहोचते की नाही, आणि संकटकाळात प्रथम कोणाच्या घरापासून ते मागे फिरते, याविषयी ते मौन पाळतात.

प्रस्तुत लेखात या रूढ मोजमापांची चिकित्सा करावयाची आहे. त्यासाठी आधार म्हणून नियोजन आयोगाच्या तज्ज्ञ समितीने ऑगस्ट २००६ मध्ये सादर केलेला एकात्मिक ऊर्जा धोरणाचा अहवाल घेतला आहे. डॉ. किरीट पारीख यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने ऊर्जासुरक्षेची जी व्याख्या केली, ती आयातावलंबी देशाने केलेल्या व्याख्यांमध्ये अधिक उदार आणि अधिक मानवी आहे. मात्र ही व्याख्या आणि तिच्या पूर्ततेसाठी पुढे वापरली गेलेली साधने यांच्यात मोठे अंतर राहिले. हे अंतर कोठे पडले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा या लेखाचा मुख्य विषय आहे.

२. संकल्पनेचा उगम

ऊर्जासुरक्षेची आधुनिक संकल्पना आरमाराच्या गरजेतून जन्मास आली. पहिल्या महायुद्धापूर्वी विन्स्टन चर्चिल यांच्या कारकिर्दीत ब्रिटिश आरमाराने कोळशाऐवजी खनिज तेलाकडे वळण्याचा निर्णय घेतला. कोळसा वेल्सच्या खाणींतून निघत असे. तेल मात्र इराणहून आणावे लागणार होते. घरचे इंधन सोडून परके इंधन स्वीकारण्याचा हा निर्णय होता. १९१३ मध्ये संसदेत त्याचे समर्थन करताना चर्चिल यांनी तेलाची शाश्वती स्रोतांच्या वैविध्यातच आहे, असा युक्तिवाद केला. पुढच्याच वर्षी ब्रिटिश सरकारने अँग्लो-पर्शियन तेल कंपनीचे बहुसंख्य भाग विकत घेतले. म्हणजे उपदेश वैविध्याचा आणि व्यवहार मालकीचा, अशी ही सुरुवात होती.

दुसरे वळण ऑक्टोबर १९७३ मध्ये आले. अरब तेलउत्पादक देशांनी काही पाश्चात्त्य देशांवर तेलबंदी घातली आणि त्याच सुमारास तेल निर्यातदार देशांनी दर वाढविले. पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास असलेला दर १९७४ च्या आरंभी अकरा डॉलरच्या पुढे गेला. या धक्क्यातून नोव्हेंबर १९७४ मध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था स्थापन झाली. सदस्य देशाने आपल्या निव्वळ आयातीच्या ९० दिवसांइतका तेलसाठा राखावा, असा दंडक तिने घातला. आजही ‘किती दिवसांचा साठा’ हा प्रश्न आपण प्रथम विचारतो, त्याचे मूळ येथे आहे.

या उगमाचा एक परिणाम ध्यानात घेतला पाहिजे. आरमार हा एकच ग्राहक असतो आणि त्याच्यासाठी पैसा हा अडसर नसतो. १९७४ मध्ये एकत्र आलेले देशही तुलनेने श्रीमंत होते. त्यामुळे ‘इंधन उपलब्ध असणे’ आणि ‘इंधन मिळणे’ या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या परंपरेला वेगळे सांगण्याची गरज भासली नाही. गरीब आयातदार देशांनी जेव्हा हीच मोजमापे उसनी घेतली, तेव्हा हे गृहीतकही त्यांच्यासोबत आले.

३. २००६ ची व्याख्या : सामर्थ्य आणि फट

पारीख समितीने या गृहीतकाला धक्का दिला. समितीच्या व्याख्येचा आशय असा : देशातील सर्व नागरिकांना, त्यांची पैसे देण्याची ऐपत असो वा नसो, जीवनाधार ऊर्जा पुरविता आली पाहिजे, तसेच सुरक्षित व सोयीच्या ऊर्जेसाठी त्यांची जी प्रभावी मागणी असेल ती स्पर्धात्मक दरात, सर्वकाळ, आणि वाजवी अपेक्षा करता येईल अशा धक्क्यांचा विचार करून विहित खात्रीने भागविता आली पाहिजे. पुरवठ्यातील खंड, बाजारातील दरवाढ आणि तांत्रिक बिघाड असे धोक्यांचे तीन प्रकारही अहवालाने मानले. डिसेंबर २००८ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या धोरणास मान्यता दिली.

या व्याख्येचे सामर्थ्य तिच्या पहिल्या अर्ध्या भागात आहे. ‘ऐपत असो वा नसो’ हा शब्दप्रयोग ऊर्जासुरक्षेच्या चर्चेत क्रांतिकारक म्हणावा लागेल. त्याने सुरक्षेचा केंद्रबिंदू राष्ट्राकडून नागरिकाकडे आणि नागरिकांमध्येही सर्वांत दुर्बळ नागरिकाकडे नेला. २००५ च्या राष्ट्रीय वीज धोरणात प्रत्येक कुटुंबास दररोज किमान एक युनिट विजेचे उद्दिष्ट होते. त्या विचाराला येथे सर्व ऊर्जाप्रकारांपर्यंत नेले गेले.

परंतु व्याख्येत एक फट आहे. तिचे दोन अर्धे भाग दोन वेगळ्या तर्कांवर उभे आहेत. पहिला भाग हक्काचा आहे, दुसरा बाजाराचा. सामान्य काळात ते शेजारी शेजारी नांदतात. टंचाईच्या काळात मात्र ते परस्परांच्या विरोधात जातात, कारण टंचाईत दर हेच वाटपाचे साधन बनते आणि जास्त पैसे देणाऱ्याकडे इंधन वळते. अशा वेळी कोणता भाग श्रेष्ठ मानावा, हे व्याख्या सांगत नाही. ‘विहित खात्री’ म्हणजे किती आणि ती कोणी विहित करावयाची, हेही ती सांगत नाही.

साधनांकडे पाहिले तर ही फट रुंदावते. ९० दिवसांच्या तेल आयातीइतका साठा, स्रोतांचे वैविध्य, ऊर्जाकार्यक्षमता, देशी उत्पादनात वाढ ही सर्व साधने प्रामुख्याने दुसऱ्या भागाची पूर्तता करतात. परदेशातील तेलक्षेत्रांत भागभांडवल घेतल्याने सुरक्षा आपोआप वाढत नाही, असे परखड मतही समितीने नोंदविले, आणि ते योग्यच होते. पण पहिल्या भागासाठी ‘किती दिवसांचा साठा’ या तोडीचे एकही मोजमाप रूढ झाले नाही. ज्याचे माप नाही त्याचा हिशेब होत नाही, आणि ज्याचा हिशेब नाही ते अंदाजपत्रकात सर्वांत आधी कापले जाते.

४. रूढ मोजमापांची परीक्षा

(अ) साठ्याचे दिवस : जपान हा या बाबतीत आदर्श मानला जातो. १९७३ मध्ये त्याच्या प्राथमिक ऊर्जेपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक वाटा तेलाचा होता आणि ते जवळजवळ सर्व आयात होत असे. त्या धक्क्यानंतर जपानने सरकारी व खासगी मिळून २०० दिवसांहून अधिक पुरेल असा साठा उभारला. तरीही जानेवारी २०२२ मध्ये, साठा भरलेला असताना, जपान सरकारला पेट्रोल आणि केरोसीनच्या दरांवर अनुदान द्यावे लागले. साठा खंडित पुरवठ्यावरचा उपाय आहे; चढत्या दरावरचा नव्हे. भारतात विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर येथील भूगर्भीय गुहांत ५३.३ लाख टन कच्च्या तेलाची साठवणक्षमता आहे. शासनाने ती सुमारे साडेनऊ दिवसांच्या गरजेइतकी आणि तेल कंपन्यांची क्षमता धरून एकूण सुमारे ७४ दिवसांची सांगितली आहे. पण हे आकडे क्षमतेचे आहेत. त्या किमतीच्या तेलाला किती कुटुंबे परवडतील, हा प्रश्न या गणितात येतच नाही.

(आ) स्रोतांचे वैविध्य : जर्मनीच्या आयात नैसर्गिक वायूपैकी २०२१ मध्ये सुमारे ५५ टक्के वायू रशियाकडून येत होता. वायूची साठवणक्षमता मात्र युरोपीय संघात सर्वाधिक जर्मनीचीच होती. त्यातील रेडेन येथील मोठे भांडार रशियन कंपनीच्या उपकंपनीकडे होते आणि युद्धापूर्वीच्या हिवाळ्यात ते जवळजवळ रिकामे राहिले. आडात होते, पण पोहरा दुसऱ्याच्या हाती होता. वैविध्याचा उपदेश सर्वमान्य असूनही स्वस्त इंधन एकाच ठिकाणाहून मिळत असेल तर वैविध्य टिकत नाही. जपाननेही मध्यपूर्वेवरील तेलाचे अवलंबन १९८७ च्या सुमारास ६८ टक्क्यांपर्यंत खाली आणले होते. २०२२ पर्यंत ते पुन्हा ९० टक्क्यांच्या पुढे गेले. भारताच्या कच्च्या तेलाच्या आयातीत रशियाचा वाटा २०२१-२२ मध्ये अत्यल्प होता. २०२३-२४ मध्ये तो एक तृतीयांशाहून अधिक झाला. या बदलाचे मुख्य कारण सवलतीचा दर हे होते. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने याच खरेदीचे कारण देऊन भारतीय मालावर २५ टक्के अतिरिक्त शुल्क लावले आणि एकूण शुल्क ५० टक्क्यांवर गेले. तेलावर वाचविलेल्या पैशाची किंमत निर्यातदार उद्योगांनी मोजावी, असा हा प्रसंग होता.

(इ) आयातीचे प्रमाण : स्वदेशी इंधन म्हणजे सुरक्षित इंधन, ही समजूतही तपासून घ्यावी लागते. १९७४ च्या आरंभी ब्रिटनमध्ये आठवड्यातून तीनच दिवस कारखान्यांना वीज देण्याची वेळ आली. तेलसंकटाची पार्श्वभूमी होती हे खरे, परंतु निर्णायक कारण देशी खाणकामगारांचे आंदोलन हे होते. भारतात ऑक्टोबर २०२१ आणि एप्रिल २०२२ मध्ये विजेची टंचाई जाणवली, तेव्हा देशी कोळशाचा साठा खालावला होताच. शिवाय आयात कोळशावरील केंद्रे बंद होती. मुंद्रा येथील ज्या केंद्राची वीज महाराष्ट्रासह पाच राज्ये घेतात, तेही त्यांत होते. इंडोनेशियाचा कोळसा बाजारात मिळत होता, यंत्रे सज्ज होती. पण ठरलेल्या वीजदरात तो कोळसा परवडत नव्हता. अखेर मे २०२२ मध्ये केंद्र सरकारने वीज कायद्याच्या कलम ११ चा आधार घेऊन ही केंद्रे चालविण्याचा आदेश दिला आणि वाढीव खर्च वीजदरातून देण्याची व्यवस्था केली.

तिन्ही मोजमापांच्या परीक्षेतून एकच गोष्ट पुढे येते. इंधन भौतिकदृष्ट्या नाहीसे होण्याआधी ते परवडेनासे होते.

५. दाभोळचा धडा

महाराष्ट्राला हा धडा फार पूर्वी मिळाला होता. दाभोळ वीज प्रकल्पाचा करार महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने डिसेंबर १९९३ मध्ये केला. प्रकल्प आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नाही, असे सांगून जागतिक बँकेने त्याच वर्षी त्यास वित्तपुरवठा नाकारला होता. १९९५ मध्ये करार रद्द झाला, १९९६ मध्ये नव्या रूपात पुन्हा मान्य झाला आणि मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉट क्षमतेचा पहिला टप्पा नाफ्त्यावर सुरू झाला. पुढे आयात एलएनजी वापरण्याची योजना होती.

दाभोळची चर्चा आजवर प्रामुख्याने भ्रष्टाचार, राजकारण आणि परकीय भांडवल यांच्या अंगाने झाली. ती आवश्यक होती. परंतु ऊर्जासुरक्षेच्या दृष्टीने पाहिले तर कराराची रचना अधिक बोलकी आहे. वीजदर डॉलरशी आणि इंधनाच्या आंतरराष्ट्रीय दराशी बांधलेला होता. वीज घेतली नाही तरी क्षमतेचा आकार द्यावा लागत होता. म्हणजे इंधनदराची आणि विनिमयदराची सर्व जोखीम खरेदीदाराच्या माथी होती. तेल महागले, रुपया घसरला, मंडळाने उचल कमी केली. उचल कमी झाल्याने प्रतियुनिट दर आणखी वाढला आणि काही महिन्यांत तो सात रुपयांच्या पुढे गेला. २००१ मध्ये डॉ. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कराराच्या या रचनेवर कठोर टीका केली. मे २००१ अखेर केंद्र बंद पडले.

त्या काळात महाराष्ट्रात विजेची मागणी होती, केंद्र बांधून तयार होते आणि नाफ्ता बाजारात मिळत होता. कोणत्याही रूढ मोजमापाने पाहता पुरवठा सुरक्षित होता. नव्हती ती खरेदीदाराची ऐपत. २००५ नंतर रत्नागिरी गॅस आणि वीज कंपनीच्या नावाने केंद्राचे पुनरुज्जीवन झाले, कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील देशी वायू त्यास मिळू लागला. आणि तो वायू आटल्यावर २०१३ च्या अखेरीस केंद्र पुन्हा थंडावले. एकाच केंद्राने आयात इंधनाची महागाई आणि देशी इंधनाची अनिश्चितता ही दोन्ही दुखणी भोगली.

६. टंचाईचे वाटप : २०२२ चा अनुभव

दाभोळमध्ये एका राज्याच्या पातळीवर जे घडले, ते २०२२ मध्ये जागतिक पातळीवर घडले. रशियाने युरोपचा वायू टप्प्याटप्प्याने तोडला. युरोपीय देश एलएनजीच्या बाजारात उतरले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तेथील वायूचा घाऊक दर मेगावॉट-तासामागे ३०० युरोच्या पुढे गेला. जर्मनीने विल्हेल्म्सहाफेन येथे काही महिन्यांत तरंगते एलएनजी टर्मिनल उभे केले आणि डिसेंबरमध्ये ते सुरूही केले. ग्राहकांना व उद्योगांना आधार देण्यासाठी २०० अब्ज युरोपर्यंतची संरक्षक तरतूद जाहीर केली. त्या हिवाळ्यात जर्मन घरांतील उष्णता बंद पडली नाही. उद्योगांनी वापर घटविला, नागरिकांनी काटकसर केली, हवामानानेही साथ दिली. पण जर्मनीला वाचविणारी मुख्य गोष्ट तिची तिजोरी होती.

त्याच वायूसाठी रांगेत उभे असलेले इतर देश या तिजोरीशी स्पर्धा करू शकत नव्हते. जुलै २०२२ मध्ये पाकिस्तानने दहा जहाजे एलएनजीसाठी निविदा काढली. एकही बोली आली नाही. बांगलादेशाने तत्काळ बाजारातील एलएनजीची खरेदी थांबविली आणि जुलैपासून वेळापत्रक लावून वीजकपात सुरू केली. श्रीलंकेची स्थिती याहून बिकट होती. तिची परकीय गंगाजळी जवळजवळ संपली होती. एप्रिल २०२२ मध्ये तिने परकीय कर्जाची परतफेड थांबविल्याचे जाहीर केले आणि जूनच्या अखेरीस सुमारे दोन आठवडे इंधनविक्री केवळ अत्यावश्यक सेवांपुरती ठेवली. जगात तेल होते. समुद्रात जहाजेही होती. पैसे मिळण्याची खात्री नसल्याने ती श्रीलंकेच्या धक्क्याला लागत नव्हती.

भारताला ही अवस्था अपरिचित नाही. १९९०-९१ मध्ये आखाती युद्धामुळे तेलाचे बिल वाढले, आखातातील भारतीयांकडून येणारा पैसा घटला आणि जून १९९१ च्या सुमारास परकीय गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. सोने परदेशी बँकांकडे तारण ठेवावे लागले. ज्याला आपण ऊर्जासंकट म्हणतो ते आयातदार देशात बहुधा परकीय चलनाच्या संकटाचे रूप घेऊन येते. म्हणूनच गंगाजळी हाही एक प्रकारचा तेलसाठाच होय. तो मोजला जातो, पण ऊर्जेच्या प्रकरणात नव्हे.

येथे व्याख्येतील फट उघडी पडते. जर्मनीची सुरक्षा आणि बांगलादेशाची असुरक्षा या दोन स्वतंत्र घटना नव्हत्या. एकाच बाजारातील एकाच देवाणघेवाणीच्या त्या दोन बाजू होत्या. ‘स्पर्धात्मक दर’ ज्याला सुरक्षा मानतो, तो दरच दुसऱ्याचा दिवा विझवू शकतो. हेच तत्त्व देशांच्या सीमेच्या आतही लागू पडते.

७. उंबरठ्याचा निकष : स्वयंपाकाच्या गॅसचे उदाहरण

देशांतर्गत टंचाईचे वाटप कसे होते हे पाहण्यासाठी स्वयंपाकाच्या गॅसइतके स्पष्ट उदाहरण नाही. भारत आपल्या गरजेचा सुमारे ६० टक्के स्वयंपाकाचा गॅस आयात करीत आला आहे आणि तो मुख्यत्वे आखाती देशांतून, होर्मुझच्या सामुद्रधुनीमार्गे येत असे. त्याचा दर सौदी अरेबियाच्या मासिक करारदराशी जोडलेला असतो. मे २०१६ मध्ये प्रधानमंत्री उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पुढील काही वर्षांत दहा कोटींहून अधिक गरीब कुटुंबांना जोडण्या मिळाल्या. धूर आणि सरपण यांपासून स्त्रियांची सुटका करण्याच्या दिशेने हे मोठे पाऊल होते, यात शंका नाही.

पण याच पावलाने दहा कोटी चुली सौदी करारदराशी जोडल्या गेल्या. मे २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय दर कोसळले, दिल्लीत १४.२ किलोच्या सिलिंडरचा बाजारभाव सुमारे ५८० रुपयांवर आला आणि बहुतेक ग्राहकांचे अनुदान शून्यावर गेले. त्यानंतर दर चढत गेले, अनुदान मात्र परतले नाही. मे २०२२ मध्ये दर हजार रुपयांच्या पुढे गेल्यावर उज्ज्वला लाभार्थींना सिलिंडरमागे २०० रुपये देण्याचा निर्णय झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ३०० रुपये करण्यात आले. मधल्या काळात, २०२१-२२ मध्ये, उज्ज्वला कुटुंबांनी सरासरी वर्षाला चारही सिलिंडर भरून घेतले नाहीत.

या काळात देशात गॅसची टंचाई नव्हती. जहाजे वेळेवर येत होती, वितरकांकडे सिलिंडर होते, राष्ट्रीय पातळीवरील कोणताही निर्देशक धोक्याची सूचना देत नव्हता. तरीही मेळघाटात किंवा मराठवाड्यात ज्या घरी वर्षाला तीनच सिलिंडर परवडतात, त्या घरी उरलेले महिने चूलच पेटते. अशा कुटुंबाच्या दृष्टीने पुरवठा खंडितच झालेला असतो. फरक इतकाच, की या खंडाची बातमी होत नाही; तो खप कमी झाल्याच्या आकड्यात विरून जातो. राष्ट्रीय हिशेबात तर तो आयात कमी झाल्याचे, म्हणजे सुरक्षा वाढल्याचे लक्षण म्हणूनही दिसू शकतो! मोजमाप किती उलटे होऊ शकते, याचे यापेक्षा मोठे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

साठ्याच्या बाबतीतही हाच पक्षपात दिसतो. सामरिक साठा म्हणून ज्या गुहा बांधल्या गेल्या त्या कच्च्या तेलाच्या. स्वयंपाकाच्या गॅससाठी विशाखापट्टणम येथे ६० हजार टनांची भूगर्भीय गुहा आहे. २०२३-२४ मध्ये देशाचा वार्षिक खप सुमारे २९६ लाख टन, म्हणजे दिवसाला ८० हजार टनांहून अधिक होता. या हिशेबाने ही गुहा देशाला पाऊण दिवसही पुरत नाही. आयात टर्मिनले आणि भरणा केंद्रे यांच्या टाक्यांत आणखी काही दिवसांचा माल असतो हे खरे. पण तो चालू व्यापाराचा माल होय, संकटासाठी बाजूला ठेवलेला नव्हे. तहान लागल्यावर विहीर खणावयाची नसेल, तर ज्या इंधनावर देशाचे स्वयंपाकघर चालते त्याचा साठा प्रथम बांधावयास हवा होता.

यावरून उंबरठ्याचा निकष असा मांडता येईल : दर दुप्पट झाला किंवा पुरवठा निम्म्यावर आला, तर सर्वांत गरीब वीस टक्के कुटुंबांना जीवनाधार ऊर्जा किती दिवस आणि उत्पन्नाच्या किती भागात मिळत राहील? साठ्याच्या दिवसांप्रमाणेच हा आकडाही दरवर्षी मोजून संसदेपुढे ठेवता येईल. त्यासाठी नवे सर्वेक्षण उभारण्याचीही आवश्यकता नाही. पुनर्भरणाची नोंद वितरकांकडे असते, विजेच्या वापराची नोंद वितरण कंपन्यांकडे असते. उणीव माहितीची नसून ती या दृष्टीने वाचण्याची आहे.

८. संभाव्य आक्षेप

या भूमिकेवर तीन आक्षेप घेतले जाऊ शकतात. पहिला आक्षेप अनुदानाच्या खर्चाचा. डिझेल, रॉकेल आणि स्वयंपाकाचा गॅस कमी दरात विकल्यामुळे तेल कंपन्यांची २०१२-१३ मधील तूट १ लाख ६० हजार कोटी रुपयांच्या पुढे गेली होती. स्वस्त रॉकेलाची डिझेलमध्ये भेसळ होत असे आणि त्या काळ्या व्यापाराची क्रूरता महाराष्ट्राने जानेवारी २०११ मध्ये मनमाडजवळ पाहिली. तेलचोरीस अटकाव करणाऱ्या अपर जिल्हाधिकाऱ्यांना तेथे जिवंत जाळण्यात आले. हा आक्षेप ग्राह्य आहे. परंतु तो सरसकट अनुदानाविरुद्ध आहे. जीवनाधार प्रमाणापुरत्या आणि थेट कुटुंबाला मिळणाऱ्या संरक्षणाविरुद्ध नाही. येथे महत्त्वाचा मुद्दा रकमेचा नसून नियमाचा आहे. दर अमुक मर्यादेपलीकडे गेला की अनुदान आपोआप सुरू होईल, हे आधीच ठरलेले असावे. दोन वर्षे वाट पाहून घोषणा होणे ही मेहेरबानी झाली, सुरक्षा नव्हे.

दुसरा आक्षेप असा, की आयात इंधन गरिबांना स्वस्त देणे म्हणजे आयात वाढविणे होय. यात तथ्य आहे आणि म्हणूनच उंबरठ्याचा निकष इंधनाशी बांधलेला नाही. जेथे वीज भरवशाची आहे तेथे विजेवरचा स्वयंपाक, जेथे गुरे आहेत तेथे गोबरगॅस, अशा पर्यायांनी तीच गरज भागत असेल तर निकष पूर्ण होतो. सौरपट्ट्यांची आयात चीनमधून होते म्हणून तेही परावलंबनच, असे म्हटले जाते. पण दोहोंत मूलभूत फरक आहे. इंधनाचे जहाज थांबले की काही दिवसांत चूल थंडावते. पट्ट्यांचे जहाज थांबले तर नवीन क्षमता अडते, बसविलेली क्षमता चालत राहते.

तिसरा आक्षेप कार्यक्षमतेचा आहे : वापरच कमी करणे हा उत्तम उपाय नव्हे काय? १९७३ नंतर जपानने तो मार्ग निष्ठेने अवलंबिला आणि १९७९ मध्ये ऊर्जाबचतीचा कायदाही केला. मात्र त्या यशातही एक बारीक नोंद आहे. विजेचा प्रचंड वापर करणारा जपानी ॲल्युमिनियम उद्योग १९८० च्या दशकात जवळजवळ बंद झाला आणि ॲल्युमिनियम बाहेरून येऊ लागले. वापर काही अंशी घटला, काही अंशी परदेशी गेला. ज्या घरात आधीच एका दिव्यावर भागविले जाते, त्या घरापुढे असा पर्यायही नसतो. बचत हा उपाय ज्याच्याकडे बचत करण्याजोगे आहे त्याच्यासाठी आहे.

९. समारोप

२००६ च्या व्याख्येने आयातावलंबी देशाच्या ऊर्जासुरक्षेला एक नैतिक पाया दिला. तो अपुरा नव्हता. त्यावर बांधकाम झाले नाही. साठे वाढले, स्रोत बदलले, जोडण्यांची संख्या कोटींत गेली. पण टंचाईत पहिली झळ कोणाला लागेल, या प्रश्नाचे उत्तर बाजारावर सोपविलेलेच राहिले; आणि दाभोळपासून कोलंबोपर्यंतचा अनुभव असे सांगतो, की बाजार ते उत्तर ऐपतीच्या उतरत्या क्रमाने देतो.

याचा अर्थ सामरिक साठे, वैविध्य किंवा देशी उत्पादन यांचा त्याग करावा असा नाही. ती सुरक्षेची पूर्वअट आहे. मात्र पूर्वअटीलाच ध्येय मानल्यास देश सुरक्षित आणि नागरिक असुरक्षित, अशी विसंगती निर्माण होते. अहवालातील व्याख्येच्या दोन भागांपैकी संकटकाळी पहिला भाग श्रेष्ठ मानावा, त्याचे स्वतंत्र मोजमाप ठरवावे, स्वयंपाकाच्या गॅसचा सामरिक साठा उभारावा आणि दरवाढीपासून मिळणारे संरक्षण घोषणेऐवजी नियमाने द्यावे, या चार सूचना प्रस्तुत चिकित्सेतून निष्पन्न होतात. त्यांपैकी साठ्यासाठी वेळ आणि पैसा लागेल. उरलेल्या तिन्हींसाठी मुख्यतः निर्णय लागेल, आणि तो पुढचे जहाज अडण्यापूर्वी घेतला गेला तरच त्याला सुरक्षा म्हणता येईल.